विहिरीतलं लाल औषध

बाबा, पाचूबंदरात कॉलऱ्याची साथ आली त्या मे महिन्यात मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आले होते. तुम्ही सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक काचेची कुपी उजेडात धरून तुम्ही मला दाखवता आहात, ते अजून दिसतं. "यात जंतूंना खाणारे विषाणू आहेत. आज गावच्या विहिरीत सोडलेत. आता तिच्यात लाल औषध टाकायचं नाही, नाहीतर हे मरतील." मी म्हटलं, "सिस्टर सांगतात, विहीर लाल औषधानंच शुद्ध होते." तुम्ही हसलात. "तुझ्या सिस्टरना माझा सलाम सांग."

ते हसणं मला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जेवून पडला होतात, तेव्हा कपाटातली लाल औषधाची, पोटॅशियम परमँगनेटची बाटली मी विहिरीत रिकामी केली; खोल पाण्यात रंग कुणाला कळलाही नाही. आपण गाव वाचवतोय असंच वाटत होतं. औषधाचा जोर दोन दिवसांत उतरला, तुमचे विषाणू तर आधीच मेले होते, आणि आठवड्याच्या आत शेजारची मावशी कॉलऱ्यानं गेली. मला सुक्या बोंबलांची चटणी पाठवणारी मावशी. तिची सून आपल्या दारात येऊन ओरडली, "तुझ्या कुपीचं पानी तूच पी रं, कंपाउंडर!" तुम्ही मान खाली घातलीत. उरलेल्या कुप्या परत पाठवल्यात. मी दाराआड होते. कन्फेशनमध्येही फादरना एवढंच सांगितलं, की वडिलांचं ऐकलं नाही.

पुढे जन्मभर प्रयोगशाळेत मी जंतूच पाहिले. तुमचे विषाणू जंतूंना मारतात हे खरं, पण जे मोजके त्यांना दाद देत नाहीत, त्यांचीच प्रजा पुढे वाढते. काही विषाणू तर मारतच नाहीत. जंतूच्या आत बिऱ्हाड करतात आणि त्याला नवे गुण देतात. कॉलऱ्याच्या जंतूला त्याचं विषही अशाच एका विषाणूकडून मिळालं, हे मी निवृत्तीनंतर वाचलं. वाचून हलकं वाटलं. तुमची कुपी तशीही हरली असती, असं स्वतःला सांगितलं. पण त्या आठवड्यात, त्या विहिरीत काय झालं असतं, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

हे पत्र मी कबरीवरही नेणार नाही. शेवटच्या आजारपणात तुम्ही विचारलं होतंत, "त्या कुप्यांचं काय चुकलं असेल गं?" मी तुमचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, "औषध जुनं झालं असेल, बाबा."