मेसेज दाखवू नये

३ जून, मंगळवार

आज परत फसले. मटाटूचा मालक. नैरोबीच्या रस्त्यावर दोन प्रवासी गाड्या पळतात त्याच्या, पुढचा एक दात सोन्याचा. कराचं रिटर्न भरून घेतलं, पैसे पाठवायला माझा नंबर विचारला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा ताई, पाठवले." मी वाचलं. माझं नाव, माझा नंबर, अडीच हजार शिलिंग. वर त्याला चहाही पाजला! तासाभराने माझा फोन पाहिला तर काहीच नाही. मेसेज त्याने स्वतःच लिहून ठेवला होता.

मुन्याओ असता तर स्टँडवर जाऊन त्याची कॉलर धरली असती. मार्चमध्ये मुन्याओला मातीत ठेवलं आणि जूनचा हंगाम माझ्या एकटीच्या गळ्यात आला. सोळा वर्षं हेच चाललं होतं – रिटर्न भरायचे मी, पैसे घ्यायचे नवऱ्याने. मला वाटायचं, अवघड काम माझ्याकडे आहे.

दुपारी कागद लिहिला आणि दुकानाच्या लोखंडी दारावर बाहेरून चिकटवला: 'मेसेज दाखवू नये. पैसे माझ्या फोनवर दिसले तरच पोचले.' खाली माझा नंबर, लाल शाईत.

५ जून, गुरुवार

एकोणीस रिटर्न. पैसे देणारे नऊ. बाकीचे "संध्याकाळी पाठवतो". आमच्या मचाकोस गावच्या माणसांना संध्याकाळ फार आवडते.

११ जून, बुधवार

किसिलू सुतार आला. मुन्याओचा जुना दोस्त. बिलं दरवर्षीसारखी पिठाच्या पिशवीत. निम्म्यांवर डिंकाचे डाग, एकावर तर पावशेर भुसा. त्याचं ऐकून जमाखर्च जुळवायला दोन तास लागले. मध्येच म्हणाला, "वहिनी, यंदा मोठं काम आहे. मुलींच्या शाळेला एकशे वीस बाकं हवीत. टेंडरचं पाकीट दहा जुलैला द्यायचं."

"मिळेल का?"

"एवढी बाकं जिल्ह्यात कोण करतो? मीच ना."

माझे पंधराशे. "संध्याकाळी पाठवतो वहिनी," म्हणाला. म्हणजे तोही त्यातलाच. मुन्याओ म्हणायचा, किसिलू हळू देतो, पण देतो. मुन्याओचं सगळ्यांबद्दलच मत चांगलं होतं.

१२ जून, गुरुवार

किसिलूकडून काही नाही.

१८ जून, बुधवार

किसिलू रस्त्यावरून चालला होता. हाक मारून आत बोलावलं, जरा मोठ्यानेच. म्हणाला, "पाठवले की वहिनी. त्याच दिवशी. नावसुद्धा बरोबर आलं." आणि खिशातून फोन काढायला लागला.

मी म्हटलं, "मेसेज मी बघत नाही."

"अहो, एकदा नजर तर टाका –"

"नियम म्हणजे नियम. माझ्या फोनवर पैसे नाहीत."

त्याने फोन परत खिशात ठेवला. माझ्याकडे असा पाहत राहिला जणू मी आजारी आहे. मग "बरं" म्हणून गेला. जरा वाईट वाटलं. पण सोन्याच्या दाताने पण असाच फोन धरला होता.

३० जून, सोमवार

शेवटचा दिवस. सकाळी सहापासून रांग. वर्षभर झोपलेलं अख्खं गाव आज जागं झालं. दुपारी वेबसाइट रांगायला लागली. लोक माझ्यावरच चिडतात, जणू ती वेबसाइट मीच दळून आणली आहे. शेजारची स्योकाऊ शिलाईचं यंत्र बंद करून रांग सांभाळायला आली. तिने मका-घेवड्याचा मुथोकोई आणला होता, तो उभ्यानेच खाल्ला.

चार वाजता मुन्याओचं रिटर्न भरलं. तो गेला हे करखात्याला कळवायचं राहिलंय. फोन कंपनीलाही राहिलंय. त्याला मृत्यूचा दाखला लागतो, सरपंचाची चिठ्ठी लागते. दुसऱ्यांचे असले कागद मी तीन दिवसांत करून देते. म्हणून भरलं ते जिवंत माणसासारखंच. नाव, पत्ता, पत्नी – एक. 'पाठवा'वर बोट ठेवलं आणि तिथेच रडले. रांगेतल्या लोकांना वाटलं वेबसाइट बंद पडली.

२ जुलै, बुधवार

स्योकाऊ म्हणाली, "किती जणांनी बुडवलं?" मोजले. चौदा जणांनी.

"मग नावं लाव बाहेर. मी लावते ना, ब्लाउज नेऊन पैसे न देणाऱ्या बायांची! तुला काय वाटतं, त्या लाजेशिवाय देतात?"

मोठ्या कागदावर चौदा नावं लिहिली. पहिलं पास्टरचं. तीन वर्षं रिटर्न भरतेय, तीन वर्षं तो म्हणतोय देव तुला देईल. देवाला माझा नंबर नसावा. किसिलूचं नाव सातवं लिहिलं. लिहिताना थांबले होते, हे इथे लिहून ठेवते. पण तेरा नावं लावायची आणि एक ओळखीचं म्हणून वगळायचं, तर मग लावायचीच कशाला?

कागद खिडकीवर, रस्त्याकडे तोंड करून. चर्चला जाणारं सगळं गाव तिथून जातं.

४ जुलै, शुक्रवार

किसिलू आला. खिडकीकडे त्याने पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. शाळेच्या पाकिटात कर भरल्याचा दाखला घालायचा आहे. अर्ज मीच टाकायचा, कारण किसिलूला इमेल नाही. माझ्या निम्म्या लोकांना नाही. त्यांच्या खात्यांवर माझाच इमेल, पासवर्ड माझ्या वहीत. मुन्याओची युक्ती. म्हणायचा, गाय आपल्या गोठ्यात बांधली की मालक दुधाला परत येतो.

अर्ज टाकला. पैशांचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

८ जुलै, मंगळवार

दाखला सकाळीच माझ्या इमेलवर आला. किसिलू चारच्या सुमारास आला. मी म्हटलं, आधी पंधराशे.

"वहिनी, मी दिलेत."

"कुठे दिलेत? माझ्याकडे नाहीत."

त्याने खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "ठीक आहे. नसतील पोचले. परत पाठवतो." बाहेर जाकारांड्याच्या झाडाखाली उभा राहून फोनची बटणं दाबली आणि दारात येऊन म्हणाला, "आता बघा."

मी फोन उचलला. पाच मिनिटं वाट पाहिली. तोही उभा, मीही उभी. काही आलं नाही.

"गेले, वहिनी. माझ्या खात्यातून गेले. दोनदा गेले." फोन पुढे केला. मी मान दुसरीकडे फिरवली.

खिडकीवरच्या नावाबद्दल तेव्हा बोलला. "माझी पोरं इथून शाळेत जातात," एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी कदाचित दाखला दिलाही असता. शांत माणूस जास्त खोटा वाटतो.

थापाड्या.

९ जुलै, बुधवार

दुपारी माझ्या इमेलवर करखात्याची चिठ्ठी: 'किसिलू यांनी पासवर्ड बदलण्याची विनंती केली आहे. खालील दुव्यावर जा.' म्हणजे तो करखात्याच्या कचेरीत जाऊन खिडकीसमोर उभा असणार. तिथली मुलगी म्हणत असेल, इमेल बघा, दुवा आला असेल. आणि तो म्हणत असेल, माझा इमेल वहिनीकडे आहे.

तासाभराने तीच चिठ्ठी परत.

मी दुवा दाबला नाही. दाखलाही छापला नाही. चहा केला. मनात म्हणत होते, येईल आता, पंधराशे टेबलावर ठेवील, मी दाखला देईन, वर उद्यासाठी शुभेच्छाही देईन. त्याला बुडवायचं माझ्या मनात नव्हतं. फक्त एकदा कुणीतरी मला घाबरावं असं वाटत होतं.

आला नाही.

१० जुलै, गुरुवार

अकरा वाजता दाखला छापला. हातात घेऊन दुकानाला कुलूप लावलं आणि निघाले. वाटेत मटाटू मिळेना. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा बारा वीस. शिपाई म्हणाला, पाकिटांची पेटी बाराला आत गेली. किसिलू आला होता का, विचारलं. "आला होता. एक कागद कमी होता, पाकीट घेतलं नाही. तिकडे दगडावर बराच वेळ बसला होता, मग गेला."

परत येऊन खिडकीवरचा कागद फाडला. चौदाच्या चौदा नावं.

१३ जुलै, रविवार

चर्चमध्ये किसिलू नव्हता. पास्टरने मला पाहून हात उंचावला. यादी खिडकीवरून उतरली म्हणून खुशीत असावा.

पंधराशे शिलिंग. मी स्वतःशी किती वेळा हिशेब केला – पंधराशेसाठी एकशे वीस बाकं. त्याने बुडवले असतीलही, तरी मी केलं ते बरोबर नव्हतं. मुन्याओने एका शब्दाने सोडून दिलं असतं. मी त्याला भोळा म्हणायची.

१९ जुलै, शनिवार

साखर, चहापूड आणि दाखला घेऊन किसिलूच्या घरी गेले. पाठ करून गेले होते: फी माफ, आपलं जुनं नातं, झालं गेलं विसरा.

किसिलू नव्हता. रंधा मारलेल्या सायप्रसच्या फळ्या अंगणात होत्या, एक माणूस त्या मोजून गाडीत चढवत होता. किसिलूची बायको न्झिसा शेंगा सोलत बसली होती. मला बघून उठली, स्टूल पुढे केलं. माणुसकी सोडली नाही तिने.

"तो नैरोबीला गेला. दुसऱ्याच्या कारखान्यात, रोजावर. आता डिसेंबरात येईल."

मी म्हटलं, "मी फी माफ करायला आले होते."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दोनदा घेतलीत बाई. आता माफ काय करताय?"

मी साखर पुढे केली. ती म्हणाली, "तो म्हणाला, काही बोलू नको, ती अजून नवऱ्याच्या दुःखात आहे. म्हणून नाही बोलले. साखर परत न्या."

घरी येताना साखर वाटेतल्या म्हातारीला दिली. पण ते 'दोनदा' डोक्यातून जात नाही. बायको कशाला खोटं बोलेल? आता तर तिला काही मिळायचंही नाही.

२० जुलै, रविवार

सकाळी दुकान उघडताना पाहिलं. लोखंडी दार बाहेर उघडतं, मी ते आकड्याने भिंतीला लावते. माझा कागद, माझा लाल नंबर – दिवसभर भिंतीकडे तोंड करून. उघड्या दुकानात येणाऱ्या कुणी तो वाचलाच नाही.

घरी जाऊन कपाट उघडलं. मुन्याओचा चष्मा, पट्टा, फोन. मार्चपासून हात लावला नव्हता. फोन चार्जिंगला लावला. पिन मला पाठ आहे, आमच्या लेकीचं, म्बुलाचं जन्मसाल.

यादीतले चौदापैकी नऊ जण त्यात आहेत, पैसे जुन्या सवयीने त्याच्याच नंबरवर पाठवलेले. पास्टर नाही.

नाव बरोबर आलं, म्हणाला होता किसिलू. गेलेल्या दोस्ताचं नाव त्याच्या बायकोपुढे कसं घ्यायचं, म्हणून तेवढंच म्हणाला.

११ जून – पंधराशे. ८ जुलै, चार वाजून बावीस मिनिटं – पंधराशे. त्या दिवशीचं पान उलटून पाहिलं. मी शेवटी त्याच्याबद्दल एकच शब्द लिहिलाय.