पट्टी बुडाली, म्हणून नोंद नाही

लाखनी, २ मे १९८४

प्रिय तुळसा,

काल संध्याकाळी एकोडीचे केशवराव आपल्या घरी येऊन गेले. त्यांच्या घनश्यामसाठी तुझ्या लग्नाची बोलणी पुन्हा सुरू करायची आहेत, असं त्यांनी स्वतः, मायसमोर सांगितलं. मुलाला विचारलं आहे का, हे मी दोनदा विचारून घेतलं, बातमीदाराची सवय. ते म्हणाले, "त्यानंच तं धाडलं ना मले." तेव्हा बातमी पक्की समज. ते गेल्यावर माय दारापर्यंत जाऊन आली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली. तीन वर्षांनी मी काल पोटभर जेवलो.

हे कसं घडलं ते सांगतो. उन्हाळा लागला की आमच्या नागपूरच्या दैनिकाला तलावांची बातमी लागते: कुठे किती पाणी उरलं, किती दिवस पुरेल. रविवारी सकाळी त्यासाठीच एकोडीकडच्या तलावावर गेलो. केशवराव अजूनही पाटबंधारे खात्यात तलावाची पातळी नोंदवतात, तुला आठवत असेल. रोज सकाळी तलावाच्या बांधावर, पाळीवर उभं राहायचं, पाण्यातल्या मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. खरं तर मी त्यांना टाळायला हवं होतं. तीन वर्षं टाळतच होतो. पण बातमी दुपारच्या एस.टी.ने नागपूरला जायची होती आणि आकडा त्यांच्याचकडे होता.

आकडा त्यांनी दिला. निघणार तेवढ्यात घनश्यामची माय, पंचफुलाबाई, भाकरीचा डबा घेऊन आल्या. मला पाहून थबकल्या आणि एकदम विचारलं, "तुळसा बरी हाये ना बाबू? तिचे केस गेले म्हनतेत." मी म्हटलं, "कोन म्हनते? वेनी होती तशीच हाये." तर म्हणाल्या, "मंग त्या किरनातच बसते ना थे?" केशवरावांनी वहीतून मान वर केली नाही, पण त्यांचा पेन थांबलेला मी पाहिला.

तेव्हा पाळीवरच, उन्हात, तुझं काम मी त्यांना सांगितलं. १९८१ च्या फेब्रुवारीत तू मला चार पानी पत्र लिहून समजावलं होतंस, त्यातलं जेवढं आठवलं तेवढं. पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर प्रोटॉन नावाचे बारीक कण अडकून पडलेले असतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाने त्यांना जणू दावं बांधलेलं असतं. उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि परत, असे ते फेऱ्या मारतात. ब्राझीलच्या बाजूला समुद्रावर या कणांचा पट्टा बराच खाली येतो. तिथून उपग्रह गेला की त्यावरचं यंत्र कण मोजतं आणि आकडे जमिनीवर पाठवतं. ते आकडे फितीवर येतात, मग कागदावर छापून निघतात, आणि तुळसा अहमदाबादला पंख्याखाली बसून त्या कागदांवरून नकाशा काढते. किरण तिथे, पोरगी इथे.

केशवरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पन थे कागदाले चिकटून येत असन तं?"

उत्तर दिलं पंचफुलाबाईंनी. म्हणाल्या, "तुमच्या वहीले कधी पानी लागलं का? वीस वर्सं झाले तलाव मोजून रायले. पोहताबी येत नाही तुमाले, पानी वहीत येत असतं तं एक दिवस बुडाले असते!"

केशवरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मग हसू आवरेना त्यांना. "लय बोलते हे बाई," म्हणाले. पंचफुलाबाईंचं झालं नव्हतं. घनश्यामबद्दलची तक्रार त्यांनी तिथेच उरकून घेतली: तो नाकाडोंगरीच्या शाळेत मास्तर झाला, तीन ठिकाणी मुलगी पाहायचं ठरलं, आणि "पोरगी पाहाले जाचं म्हटलं का याचं डोस्कं दुखते. शाळेत जाचं म्हटलं का दुखत नाही."

त्यानंतर केशवरावांनी मला एक जुनी वही दाखवली. एका पावसाळ्यात तलाव एवढा भरला की मोजपट्टीच पाण्याखाली गेली. त्या दिवसाच्या रकान्यात साहेब शून्य लिहायला सांगत होते, कारण रकाना रिकामा चालत नाही. केशवरावांनी लिहिलं होतं: पट्टी बुडाली, म्हणून नोंद नाही. मला म्हणाले, "सून्य लिवलं असतं तं वाचनाऱ्याले वाटलं असतं, तलाव कोरडा हाये."

मला लगेच तुझं ते पत्र आठवलं. सुरुवातीच्या उपग्रहांवरची यंत्रं पट्ट्याच्या दाट भागात शिरली की शून्य दाखवत, असं तू लिहिलं होतंस. तिथे कण नव्हते म्हणून नाही, यंत्राला मोजता येणार नाहीत इतके होते म्हणून. घरी येऊन तुझी मागच्या तीन वर्षांची पत्रं काढली. तब्येत ठीक, पगार मिळाला, मायला जप. घनश्यामचं नाव एकाही पत्रात नाही. त्यावरून मी ठरवून टाकलं होतं की तुला त्याचं काही वाटत नाही. मी शून्य वाचलं आणि कोरडा तलाव समजलो. खरं सांगायचं तर तसं समजणं माझ्या सोयीचं होतं. का, ते आता लिहितो.

घनश्यामच्या घरून नकार आला तेव्हा दूरच्या नोकरीतली सून त्यांना नको, असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. तुझ्या त्या चार पानांवरून मी बारा ओळींची बातमी केली होती आणि तुला सांगितलं होतं की जागेअभावी छापली नाही. ती छापली होती, पहिल्या पानावर. मथळा माझाच होता: "भंडारा जिल्ह्याची लेक किरणोत्सर्गाच्या पट्ट्यात". ओळी कमी करताना उपग्रहाचं वाक्य मीच कापलं. उरलं एवढंच की तू त्या पट्ट्यात काम करतेस. नागपूरहून शाबासकी आली आणि त्याच आठवड्यात पंचफुलाबाईंनी साकोलीच्या बाजारात मायला विचारलं की अशा पोरीला लेकरू होईल का. माय घरी येऊन रडली. मला कारण त्या दिवसापासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी चार ओळींची दुरुस्ती दिली असती तर मिटलं असतं. आज देतो, उद्या देतो करत राहिलो. मग एवढा उशीर झाला की उशिराचीच लाज वाटू लागली. मायला शपथ घातली होती, म्हणून तीही बोलली नाही. तिच्यावर रागावू नकोस.

काल हे सगळं केशवरावांनाही सांगितलं. ते म्हणाले, "चूक लिवली तं खोडाची, अन् वर सही कराची." तशी दुरुस्ती लिहून, खाली माझं नाव घालून, आज दुपारच्या एस.टी.ने पाठवली आहे. उपग्रहाचं वाक्य त्यात पहिलंच आहे. रविवारच्या अंकात येईल. आली की कात्रण पाठवीन, या वेळी नक्की. जुनं कात्रण सोबत जोडलं आहे. ते वाचून तुला जे वाटेल ते मला लिही, कमी करू नकोस. येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी, १५ तारखेला, बुद्धपौर्णिमा आहे. त्या दिवशी केशवराव, पंचफुलाबाई आणि घनश्याम आपल्याकडे येणार आहेत. तुझी मर्जी नसेल तर तसं एका शब्दात तारेने कळव, त्यांना मी सांगेन; तेवढं तरी नीट करीन. यायचं असेल तर तार नको. आदल्या दिवशी, सोमवारी, अहमदाबादची गाडी येईल तेव्हा मी भंडारा रोड स्टेशनवर उभा असेन. घनश्यामनेही त्या दिवशी शाळेच्या सुटीतल्या कामातून रजा मागितली आहे. डोकं दुखतंय असं कारण लिहिलंय म्हणे.

तुझाच,
हिरालालदादा