बारा माशांचा चौविहार

९ जुलै, सकाळी ७

आजपासून चातुर्मास. चौविहाराचा नेम घेतला. सूर्य मावळला की अन्न बंद, पाणीही बंद. बायकोला, पानाबाईला, हा नेम बावीस वर्षं आहे. ती कधी बोलूनही दाखवत नाही. यंदा तिला कळेल उत्तमचंद काय चीज आहे!

नव्या अ‍ॅक्वेरियममधले बारा झेब्रा मासेही माझ्यासोबत नेम पाळणार. त्यांच्या खाण्याच्या पुड्यावर बारीक अक्षरात मासळीची भुकटी लिहिलेली सापडली. पुडा परत. यापुढे भिजवलेली मूगडाळ, तीही सूर्यास्ताआधी.

पानाबाई म्हणे, आधी कूलरमधलं पाणी ओता. उद्या.

१२ जुलै

शिस्त बघावी तर माशांची. एक वळला की बाराही वळतात. आमच्या घरात पाच माणसांचं एका भाजीवर एकमत होत नाही. मी काचेपाशी गेलो की सगळे धावत येतात. डाळ मात्र तोंडात घेऊन थुंकतात. याला म्हणतात संयम.

१५ जुलै, सायं. ७.४०

पोटात गॅस. दुकान बंद करून बाबूलालच्या हॉटेलात एक कचोरी. औषध म्हणून. औषधाला नेम लागू नसावा.

१९ जुलै

पुन्हा गॅस. दोन कचोऱ्या.

कूलरचं लक्षात आहे. पण त्यात जीव असतील, ओतले तर पाप. विचार चालू आहे.

२६ जुलै

मासे बारीक दिसतात. तपाचं तेज! आमच्या जैन मंडळात जाहीर करून टाकलं की अख्ख्या शेलूबाजारात चौविहारी मासे फक्त आमच्याकडे. उद्या सगळे बघायला येणार.

पानाबाई म्हणाली, "लोकायले कायले बलावता? उपाशी हायेत ते." तुला तपातलं काय कळतं, असं म्हणणार होतो. बावीस वर्षं आठवली.

२७ जुलै, सायं. ६

दगा झाला.

मंडळाचे अकरा जण हॉलमध्ये. मी शिस्तीवर बोलत होतो. तेवढ्यात डेंग्यूच्या तपासणीला आरोग्य केंद्राची आशा सेविका उज्ज्वला आली. तिनं कूलरमध्ये बॅटरी मारली. आत वळवळत्या अळ्या. मी म्हटलं, जीवदया. ती म्हणाली, "काका, घरात मासे असून अळ्या काहून पोसून राह्यले?" आणि मगभर पाणी सरळ काचेच्या टाकीत ओतलं.

एक वळला. बाराही वळले. चार सेकंदांत एक अळी उरली नाही. डाळीला असा उत्साह एकदाही दाखवला नव्हता. मंडळींनी चहा न घेताच चपला शोधल्या. उज्ज्वला म्हणे, "लय कामाचे मासे हायेत तुमचे."

एकानं तरी तोंड फिरवायचं! रोज माझ्या हातानं डाळ घातली, आणि भर सभेत माझं नाक कापलं. फार लागलं मनाला. असले विश्वासघातकी घरात नकोत.

२८ जुलै, सायं. ६.१५

पानाबाईला ठणकावून सांगितलं, नेम मोडणाऱ्याला या घरात जागा नाही. ती कपडे भिजवत होती. म्हणाली, "त्यायनं नेम घेतलाच कवा? तुमी घेतला होता." मग माझ्या सदऱ्याच्या खिशातून कचोरीचा तेलकट कागद काढून पुढे ठेवला. दहावा म्हणे.

मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, "तुमी आपल्या तोंडानं सांगसान, म्हनून थांबली होती."

कूलर रिकामा केला. माशांसाठी नवा पुडा आणला. सूर्य मावळायला पाऊण तास आहे. ताट वाढलेलं आहे.

गॅस कधीच नव्हता. भूक होती.