देवरामच्या कमरेची गाठ

मी, शेवंती सोमा मेंगाळ, वय ७६, राहणार कोलशेत, ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहिते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही.

१. कंपनीतून निवृत्त झाल्यावर घेतलेली माझी एका खोलीची जागा थोरला भाऊ धोंडीबा सोमा मेंगाळ याला द्यावी. त्याच्या पश्चात ती शेजारच्या योगिनीला मिळावी.

२. शिलाई मशीन योगिनीला आताच. तेल घालायचे तिला दहादा सांगितले आहे, हे अकरावे.

३. वरच्या मजल्यावरच्या सुदेशच्या कुंड्यांचे पाणी नऊ वर्षे माझ्या पापडांवर पडले. त्याला माफ केले आहे, पण नोंद असावी.

४. जागा दादाला का, हे योगिनी विचारेलच. "आजी, तुमचं तर त्यांच्याशी बोलणंही नव्हतं!"

आमची वाडी मुरबाडच्या वरच्या डोंगरात. कड्यावरचा मध काढायला उतरणाऱ्याच्या कमरेला गाठ मेहुण्यानेच मारायची आणि दोरही त्यानेच धरायचा, अशी आमची रीत. भाऊ बहिणीचे कुंकू पुसणार नाही, हा विश्वास. १९६९च्या चैत्रात मध काढणाऱ्या देवरामने दादाला दोर धरायला बोलावले. म्हणजे साऱ्या वाडीदेखत मला मागणी घातली. दादाला तो पसंत नव्हता. तरी त्याने गाठ मारली.

दादा झाडाला दोराचा वेढा देऊन मागे बसला होता. त्याला खालचे दिसत नव्हते. मी कड्याच्या काठावर पालथी पडून पाहत होते. खाली उतरलेल्या देवरामपासून पोळे हातभर लांब राहिले.

"दोर पुरंना, शेवंते," देवराम म्हणाला.

"दोर पुरंना का धीर?"

तो हसला. कमरेची गाठ सोडली आणि पुढच्या कपारीत पाय टाकला. कपारीचा दगड सुटला.

दोर रिकामा वर आला. सगळे धावत आले तेव्हा मी ओरडले, "दादा, गाठ कच्ची मारलीस!" दादाने दोराचे रिकामे टोक उचलून पाहिले. वाडीने माझे खरे मानले. त्याने मुद्दाम केले असेही कोणी म्हणाले. पुन्हा त्याच्या हाती कोणी दोर दिला नाही, कोणी मुलगीही दिली नाही. मी ठाण्याला निघून आले.

गाठ पक्की होती. देवरामने ती माझ्या टोमण्यापायी सोडली.

५. चौथे कलम वाडीच्या देवळासमोर मोठ्याने वाचावे. वकील विनिताताई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात."

"दादा ब्याऐंशीचा आहे, बाई. तो आधी गेला तर कोणाला ऐकवू?"

म्हणून त्या कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. येत्या रविवारी माजिवड्याहून जीप सांगितली आहे. दादाला पुढ्यात बसवून मी स्वतः वाचेन. त्यानंतर त्याने मला उंबऱ्याबाहेर काढले, तरी पहिले कलम बदलणार नाही.

शेवंती सोमा मेंगाळ (सही)

शेवंतीबाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली:
राजरत्न गायकवाड (सही)
सुहासिनी ठोंबरे (सही)

ठाणे, ११ डिसेंबर २०२५