दाराबाहेरचा कलमा

मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी रशीदभाईंचं हृदय थांबलं. ड्यूटीवरचा नर्स म्हणून मी त्यांची छाती दाबत होतो आणि बाहेरून भाभी, त्यांची बायको, वॉर्डाचं दार ठोकत होत्या. "ब्रदर, त्यांच्या कानात कलमा पढू द्या! जाताना अल्लाचं नाव ऐकू दे त्यांना."

डॉक्टर ओरडले, "कोणी आत न्हाई यायचं! नंतर पढा की."

"नंतर कुणाला ऐकवू, साहेब?"

डॉक्टरसाहेबांना वाटणारी भीती खोटी नाही. घरचे रडतात, आमचे हात धरतात. पण माझी आई गेली तेव्हा तिच्या कानात मी देवाचं नाव घेतलं, ते ती जिवंत असतानाच ना? दार ठोकणं थांबेना. आत्ता लिहितानाही ऐकू येतंय.

शेवटी सिस्टरला दाबायला सांगितलं. साहेबांना न विचारता दार उघडलं आणि भाभींना उशाशी बसवलं. त्या कानाशी वाकून कलमा पढू लागल्या. आम्ही अजून दाबतच होतो.