हकलबेरीचं लोणचं

एडमंटन,
१६ नोव्हेंबर

चि. ऊर्मीस,
अनेक आशीर्वाद. तू, वेदांत आणि बाळ मजेत असालच. इकडे बर्फ सुरू झालाय. गाडीला विंटर टायर्स घातले. ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसायला मात्र शेजारच्यांना सांगते, टाके आत्ता कुठे सुकलेत. फोनवर मी नुसती ओरडेन, म्हणून हे पत्र.

वेदांतचा मित्र शंतनू इथे कामासाठी आला तेव्हा तुझी बरणी देऊन गेला. तुमच्या व्हँकुव्हर बेटावरच्या हकलबेरीच्या झुडपाची ती काळी फळं बघून आपली करवंदंच आठवली. "मीच घातलंय गं लोणचं," असं तू फोनवर म्हणालीस. बरं.

पण बाई, मेथ्या पार काळ्या होईस्तोवर तळायच्या ही खोड आईची. तुला मेथी कधी चालली? पानातून एकेक दाणा वेचून बाजूला काढायचीस! आणि ही बेरी काही आईच्या साताऱ्यात पिकत नाही. घास हातातच राहिला माझ्या.

मग आईला फोन लावला. "लोणचं मस्त झालंय," एवढंच म्हटलं. "आवडलं ना गं तुला?" म्हणाली. मागे तुझं बाळ रडत होतं.

जूनपासून आई तुझ्याकडे आहे! मला काय सांगितलंस? आईचा व्हिसा नाकारला. मी विश्वास ठेवला. आई येऊच शकत नाही, तर तिच्या जिवाला उगाच घोर कशाला, म्हणून सप्टेंबरातलं ऑपरेशन तिच्यापासून लपवलं. फक्त तुला सांगितलं होतं, ऊर्मी. तुला! हॉस्पिटलमधून मी टॅक्सीनं एकटी घरी आले, तेव्हा आई तुझ्याकडे बाळाला न्हाऊ घालत होती.

आईही खोटं बोललीच. "साताऱ्यात पाऊस थांबत नाही बघ," म्हणायची. आता रडून सांगते, "जाई, तुला कळलं तर तू मला ओढून नेशील, मग बाळाला कोण बघणार, असं ऊर्मी म्हणाली." तिच्यावरही राग आहे माझा. पण तिला ऑपरेशनचं ठाऊक नव्हतं. तुला होतं. अगं, मागितलं असतंस तर सगळे महिने तुला दिले असते. मला आठ दिवस पुरले असते.

मी तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "माझं तिकीट काढ."

शनिवारचं काढलंय, इकडे एडमंटनला यायचं. तिला जाड जॅकेट दे, एअरपोर्टवर सोड. तू सोबत येऊ नकोस.

तुझ्या आईची थोरली मुलगी,
जाई