आधी भिंत, मग कासव

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे, म्हणजे दुकानाच्या मधोमध घातलेल्या आपल्या फळीच्या अलीकडे, सर्व ठीक. तुझी तब्येतही बरी असावी. काल खोकला कमी ऐकू आला. एकाच दुकानात बसून पत्र कसलं लिहितोस, असं म्हणशील. पण तोंडाने बोलायचं नाही एवढंच आपलं ठरलंय, लिहिण्याबद्दल काही ठरलेलं नाही.

मंगळवारी सकाळी मी देवापुढे माळ घेऊन बसलो आणि नामाऐवजी डोळ्यांपुढे एक कासव आलं. हा तुझ्या कन्येचा प्रताप. मध्यंतरी तुझ्याकडून माझ्याकडे सोफा आणताना माझा पाय मुरगळला. (फळी घातल्यापासून सांगाडा तुझ्या दारातून रस्त्यावर जातो आणि गादीसाठी माझ्या दारातून आत येतो. परवा तर वाटेत एक आजोबा त्यावर बसले ते उठेचनात. गादी बसवून झाली की कळवा, म्हणाले.) तर मी घरी पडून, म्हणून पोरीने टीव्हीवर एक जादूच्या राज्याची कार्टून मालिका आणि तिचाच पुढचा भाग, असं दोन्ही शोधून दिलं. "काका, पोरांचं म्हणून सोडू नका, बघाच." यादीत दोन्ही एकाखाली एक. मी पोथी वाचणारा माणूस, वरून सुरुवात केली.

वरचीत एक दरी आणि दरीच्या मधोमध भिंत. अलीकडे काठी टेकत सगळ्यांवर खेकसणारी म्हातारी राणी, पलीकडे तसाच तिरसट म्हातारा राजा, आणि चौकात कासवाचा दगडी पुतळा. चित्रं झगमगीत, जरा कुठे कोणी बोलायला लागलं की लढाई, ढगसुद्धा घाईत. डोकं दुखलं, पण नेटाने पुरी केली. मग खालची लावली आणि थक्क झालो. भिंत गायब! कासव दगडातून उठून चालतंय, बोलतंय (एक वाक्य संपवायला त्याला इतका वेळ लागतो की मधे चहा होतो). म्हातारी पोर होऊन मेंढ्या राखतेय, आणि पोरगा झालेल्या त्या राजाला पाठुंगळीला घेऊन ओढा ओलांडतेय. चित्रं हाताने काढलेली, रेघ जराशी थरथरणारी. म्हटलं, बनवणारे वयाने पिकले. आधीच्या मालिकेतलं बिघडलेलं पुढच्या मालिकेत सगळं निस्तरलं. देवाच्या मनात आलं तर दगडाचं कासव होतं, यात मला काही खटकलं नाही. गाद्या शिवता शिवता मी गिऱ्हाइकांनाही सांगायला लागलो.

शनिवारी पोरगी आली, तिलाही सांगितलं. ती हसून हसून बाकावर आडवी.

"अहो काका, उलटं बघितलंत! मेंढ्या आधी. भिंत नंतर झाली."

"आणि कासव?"

"मेलं ना ते. म्हणून तर पुतळा."

"मग भिंत पडते कधी?"

"पडतच नाही. तिसरा भाग काढतील कधीतरी, तेव्हा बघू."

दादा, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपली फळीसुद्धा कशापायी आली, तर एका रेडिओपायी. तुला सकाळी बातम्या हव्यात, मला जपाला शांतता. फळी निघाली पातळ, बातम्या येतातच. त्या ऐकताना तू मंत्र्यांना जे सुनावायचास, ते मात्र हल्ली इकडे येत नाही, आणि मला खरं तर तेवढंच आवडायचं. आपणही कधीकाळी ओढे ओलांडलेत. तू मला पाठुंगळीला घेऊन, आणि मधेच टाकून देण्याची धमकी देत.

तेव्हा तिसरा भाग कोणी काढेल याची वाट बघायची नाही, असं मी ठरवलं. मी बघितलेलाच क्रम बरोबर. आधी भिंत, मग कासव. पोरगी म्हणते, काका, असं नसतं. नसेल. आज सकाळी माळ पुरी केली आणि फळीचे स्क्रू काढायला घेतले. सगळे काढले.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. रेडिओ खुशाल लाव. फक्त माझा जप झाल्यावर, आणि बेताने.

आणखी एक ता. क. झगमगीत मालिकेबद्दल माझं मत कायम आहे. तुला ती आवडते असं पोरीकडून कळलं. त्यावर आपण भांडू, पण समोरासमोर.

शेवटचा ता. क., आणि खरं काम हेच. स्क्रू काढल्यावर फळी आपली आपण उभी राहत नाही, हे उशिरा लक्षात आलं. ती सध्या माझ्या पाठीवर रेलली आहे. हे सगळं मी तशातच लिहिलंय आणि आता पायाने तुझ्याकडे सरकवतोय. मी बाजूला झालो तर ती आडवी होईल आणि धूळ उडून तुझ्या पॉलिशवर बसेल (ओलं आहे, वास येतोय). तेव्हा वाचून झालं असेल तर ऊठ, आणि तुझ्याकडचं टोक धर.